मायनरचे ३६० तास

चि. चिऊस,


तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तोच विषय घोळतो आहे. अर्जात मेजरच्या रकान्यात कॉम्प्युटर सायन्स लिहू की फिजिक्स, असं तू विचारलंस. दादा म्हणतो, कॉम्प्युटरच घे, नोकरीचं बघावं लागतं. त्याची काळजी खरी आहे, तिच्यावर चिडू नकोस. तरी माझं मत विचारशील तर फिजिक्स मेजर घे आणि कॉम्प्युटर मायनर. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

विज्ञान दिनाला आपण नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला गेलो होतो, आठवतं? ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकडीकडे मान वर करून तू किती वेळ उभी होतीस! तशा ३० तबकड्या मिळून एक दुर्बीण होते. पण ती एक होते कुठे? फायबरमधून सगळे सिग्नल जिथे येऊन पोचतात, त्या इमारतीत. तिथे प्रत्येक तबकडीचा सिग्नल बाकीच्या प्रत्येकीशी जुळवून पाहतात. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. आज हे काम ग्राफिक्स प्रोसेसर करतात. आकाशातून आलेली एकच लहर दोन तबकड्यांवर किंचित पुढेमागे पोचते. हा उशीर का होतो आणि किती, ते भौतिकशास्त्र सांगतं. पृथ्वी फिरत असताना तो क्षणोक्षणी बदलतो, आणि सिग्नल वाहत असतानाच तो हिशेबात धरायचा, हे संगणकाचं काम. यातलं एकच ज्याला कळतं, त्याला दुसऱ्यातल्या चुका दिसत नाहीत.

पटत नसेल तर घरी करून बघ. स्प्रिंगला बांधलेलं वजन घे; वस्तुमान १, स्प्रिंगचा स्थिरांक १. आताची जागा आणि आताचा वेग घेऊन ०.१ सेकंदानंतरची जागा आणि वेग काढायचा, आणि हेच १०० वेळा. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम होईल. तो एकही एरर देणार नाही, आलेखही छान काढेल. मग शेवटी ऊर्जा मोज. सुरुवातीच्या जवळजवळ २.७ पट झालेली असेल! स्प्रिंगला कोणी हात लावला नाही, मग ही ऊर्जा आली कुठून? दर पावलाला ती एक टक्क्याने फुगत गेली. प्रोग्रॅम तू सांगितलं तसाच चालला, गणिताची पद्धतच चुकीची होती. आता एवढंच बदल: आधी नवा वेग काढ आणि जागा काढताना तो नवा वेग वापर. ऊर्जा थोडी वरखाली होत राहील, पण फुगणार नाही. दोन ओळींची अदलाबदल, बस. पण ती करायला हवी हे कोणाला सुचेल? ऊर्जा अशी वाढूच शकत नाही हे ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्यालाच.

हे मुरायला प्रयोगशाळा लागते. प्रोग्रॅमिंग तू लॅपटॉपवर रात्री बसूनही शिकशील, शिकतेही आहेस. ऑसिलोस्कोप, स्पेक्ट्रोमीटर आणि तुझं रीडिंग बघून ‘पुन्हा घे’ म्हणणारे सर घरी मिळत नाहीत. विद्युतचुंबकत्व आणि क्वांटम मेकॅनिक्स एकट्याने शेवटपर्यंत नेणारे फार थोडे असतात. जे एकटीला जमणार नाही, त्याला कॉलेजची वर्षं द्यावीत.

मायनर मात्र शोभेला घेऊ नकोस. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत, त्यात मायनरला किमान २४. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे सगळी थिअरी धरली तर ३६० तास. एवढ्यात काय बसवायचं ते आधी ठरव. डेटा स्ट्रक्चर्स हवंच, संगणक आतून कसा चालतो ते हवं आणि न्यूमरिकल मेथड्स हवं. नुसत्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर किंवा वेबसाइट बनवण्यावर हे तास गेले तर मला वाईट वाटेल. आमच्या वेळी फोरट्रान फळ्यावर शिकवलं. वर्षभर आम्ही प्रोग्रॅम वहीत लिहिले आणि एकदाही चालवून पाहिले नाहीत. ती हळहळ अजून गेलेली नाही. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचार: मायनरचे तास कोण घेतं, प्रॅक्टिकल खरोखर होतात का, आणि ते फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्याच वेळी तर येत नाहीत ना?

एक गोष्ट मात्र फक्त तुलाच ठाऊक आहे. प्रोग्रॅम कशाबद्दल आहे याची पर्वा न करता तो अधिक चपळ, अधिक नेटका करण्यातच तुझा जीव रमत असेल, कंपायलर कसा बनतो याने झोप उडत असेल, तर माझं सगळं बाजूला ठेव आणि कॉम्प्युटर मेजर घे. मला मनापासून आनंद होईल. फिजिक्स मायनरला घेशील तेव्हा त्यात लहरी आणि विद्युतचुंबकत्व आहे एवढं तपास.

दादाला सांग, फिजिक्सचा पदवीधर गेट परीक्षेत कॉम्प्युटरचा पेपर देऊ शकतो. एम.टेक.च्या प्रवेशाला मात्र संस्था आपापल्या अटी लावतात, त्या आताच वाचून ठेवू.

रविवारी ये. कॉलेजांचे अभ्यासक्रम छापून आण आणि तो स्प्रिंगचा प्रोग्रॅमही. आधी चुकीचा चालवू, मग बरोबर.

तुझी,
आत्या