पेन ड्राइव्हमध्ये न आलेल्या तीन पट्ट्या

श्रावणातली गोष्ट. गांधीग्रामहून कावडीनं पूर्णेचं पाणी आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला अभिषेक करायचे ते दिवस. भजन मंडळांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. अशाच एका मंडळासाठी मी दोन भजनांची साथ तयार करून दिली होती. मी अमरावतीत राहतो. घरातल्या एका खोलीत लॅपटॉप, क्युबेस हे संगीताचं सॉफ्टवेअर आणि छोटा कीबोर्ड एवढ्यावर असली कामं करतो. मंडळाचा कीबोर्डवाला दादा अकोल्याचा. त्याला मिडी फाइल हवी होती. साथ त्याच्या लॅपटॉपवरून वाजणार आणि वरची सुरावट तो हातानं धरणार. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला, बडनेऱ्याला गाडी पकडली आणि संध्याकाळी तालमीला हजर झालो.

पहिल्याच ओळीला मंडळाचे गायक महाराज थांबले. "भाऊ, माही पट्टी कुठी गेली? हे पांढरी एक वाजून राह्यली!"

महाराज काळी दोनमध्ये गातात. माझ्या घरी गाणं काळी दोनमध्येच वाजत होतं, मी स्वतः दहा वेळा ऐकलं होतं. इथं ते तीन पट्ट्या खाली उतरलं होतं आणि महाराजांचे खर्जातले सूर पेटीच्या आवाजात बुडत होते. दादानं घाईघाईनं सगळे ट्रॅक निवडले आणि तीन पट्ट्या वर सरकवले. आता पट्टी बरोबर आली, पण ठेक्यातला जड ठोका गेला आणि तिथं टाळ्या पडू लागल्या. मागून कुणीतरी विचारलं, "आता टाळ्या कोन वाजवून राह्यला?" सगळे हसले. मी सोडून.

चूक दादाची नव्हती, माझी होती. ती अशी. माझा हात पांढरी एकवर बसलेला. मी सगळं तिथंच वाजवलं आणि ट्रॅकच्या मिडी मॉडिफायर्समध्ये ट्रान्सपोजपुढं तीनचा आकडा टाकला. कानाला काळी दोन ऐकू आली आणि मी निश्चिंत झालो. पण हे मॉडिफायर्स काय किंवा इन्सर्टमध्ये लावलेले मिडी इफेक्ट काय, ते लिहिलेल्या सुरांना हात लावत नाहीत. सूर ट्रॅकमधून वाद्याकडे जात असताना वाटेत त्यांना बदलतात. की एडिटर उघडून पाहिला असता तर सूर पांढरी एकवरच बसलेले दिसले असते. फाइल काढताना जी खिडकी येते, तिच्यात इन्स्पेक्टर आणि इन्सर्टच्या गोष्टी सोबत घ्यायच्या की नाही हे विचारलेलं असतं. मी ती न वाचता पुढं गेलो.

टाळ्यांचं कारणही तितकंच साधं. मिडीमध्ये आवाज नसतो. कोणता सूर, कधी, किती जोरात, एवढाच निरोप असतो, आणि प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक क्रमांक. जनरल मिडीच्या ठरलेल्या यादीत तालवाद्यांसाठी दहावा चॅनल आहे. तिथं ३६ म्हणजे बास ड्रम आणि ३९ म्हणजे टाळी. छत्तिसात तीन मिळवले की ढोलाची टाळी होणारच. म्हणून पट्टी बदलताना तालाचा ट्रॅक निवडीतून आधी बाहेर काढा.

त्या रात्रीनंतर मी एक शिस्त लावून घेतली. काम देण्याआधी गाण्याच्या फाइलची एक प्रत करतो आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर. मॉडिफायर्स असतील तर मिडी मेनूतलं फ्रीझ मिडी मॉडिफायर्स वापरतो. त्यानं बदल सुरांमध्ये कायमचे उतरतात आणि आकडे शून्यावर येतात. आर्पाचे किंवा कॉर्डरसारखा इफेक्ट असेल तर दोन्ही लोकेटर गाण्याच्या टोकांना लावून, मर्ज मिडी इन लूप वापरून, इन्सर्टसकट सगळं एका रिकाम्या ट्रॅकवर उतरवून घेतो. मग मूळ ट्रॅक म्यूट. उतरवलेल्या ट्रॅकवर तोच इफेक्ट पुन्हा चालू राहिला तर तिनाचे सहा होतात, हेही एकदा भोगून झालं आहे.

आणखी तीन ठेचा सांगतो, त्या तुम्हाला लागू नयेत म्हणून.

पहिली भैरवीची. मिडी मॉडिफायर्स नावाचा इन्सर्टही असतो आणि त्यात स्केल निवडता येतं. चुकीचा सूर लागू नये म्हणून मी तिथं मेजर ठेवलं होतं. पुढचं भजन भैरवीतलं. माझं बोट कोमल गंधारावर, पण कोमल स्वर एकही वाजेना. अर्धा तास मी कीबोर्डला दोष देत बसलो.

दुसरी खंजिरीची. आमच्याकडं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं खंजिरी घराघरात कानावर पडलेली असते. ती मी पॅडवर वाजवली आणि क्वांटायझर पूर्ण ताकदीनं लावला. प्रत्येक थाप मात्रेवर अचूक बसली आणि भजन पिठाच्या गिरणीसारखं चालू लागलं. खंजिरीची थाप किंचित मागं रेंगाळते, त्यातच तिची गोडी असते. क्वांटायझरमध्ये स्ट्रेंग्थ आणि स्विंग असे दोन आकडे असतात. आता मी स्ट्रेंग्थ निम्म्यावर आणतो, डोळे मिटून ऐकतो आणि पाय आपोआप हलला की थांबतो.

तिसरी ट्रॅक कंट्रोलची. या इफेक्टमध्ये रिव्हर्ब, कोरस वगैरेंच्या तयार कळा असतात, पण त्या रोलँडच्या जीएस आणि यामाहाच्या एक्सजी पद्धतीच्या वाद्यांसाठी. समोरच्या वाद्याला ती भाषा कळत नसेल तर कळ कितीही फिरवा, आवाजात फरक पडत नाही. मी एक आख्खी दुपार त्यात घालवली. आधी वाद्याच्या अंगावर जीएस किंवा एक्सजीची खूण आहे का ते पाहा, मग कळांना हात लावा.

त्या दिवशी तालमीत दादानं तालाचा ट्रॅक पुन्हा तीन पट्ट्या खाली आणला आणि काम निभावलं. परत निघताना महाराज एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेले आधी मले फोनवर आयकवजा."

तेव्हापासून फाइलसोबत एक चिठ्ठी देतो: गाण्याची पट्टी, लय आणि कोणत्या चॅनलवर कोणतं वाद्य. तुम्हीही द्या. आणि पेन ड्राइव्ह खिशात टाकण्याआधी त्यातली फाइल एका नव्या, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडून, पेटी हाताशी घेऊन, एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. बडनेऱ्याहून गाडी सुटल्यावर काही दुरुस्त करता येत नाही.