वाचन-लेखनाची अडचण आणि घरचें शिक्षण

इ. स. १८९६ मध्यें इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांतल्या डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनीं एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. मुलाचें नांव पर्सी. त्याची दृष्टि निर्दोष होती, खेळांत तो चपळ होता, आंकडे तो न चुकतां वाची व बीजगणिताचीं उदाहरणेंहि सोडवी. सातव्या वर्षापासून त्याला शाळेंतील व खाजगी शिक्षकांनीं शिकविण्याची शिकस्त केली होती. तरी छापील साधें वाक्य वाचणें त्याला जड जाई. स्वतःचें नांव लिहितांना त्यांतील दोन अक्षरें तो उलटसुलट करी, आणि चूक दाखविली तरी ती त्याच्या चटकन् ध्यानांत येत नसे. त्याच्या शिक्षकांचें मत असें होतें कीं, सर्व शिक्षण तोंडीं असतें तर हाच मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता.

पालकहो, या मताजवळ थोडें थांबावें अशी आमची विनंति आहे. सर्व शिक्षण तोंडीं देणें त्या काळीं कोणासहि शक्य नव्हतें. आज तें पुष्कळ अंशीं शक्य आहे, आणि शाळेपेक्षां घरांत तें अधिक सोपें आहे. म्हणून ज्यांचीं मुलें घरींच शिकतात अशा आईबापांकरितां मुख्यतः आम्ही हें लिहीत आहोंत.

वाचनाच्या या अडचणीस डिस्लेक्सिया व लेखनाच्या अडचणीस डिसग्राफिया असें म्हणतात. हा आळस नव्हे, बुद्धीचा मंदपणाहि नव्हे. डोळे चांगले असतात. कानावर पडलेला ध्वनि व कागदावरचें चिन्ह यांची सांगड मात्र सहजासहजीं बसत नाहीं. एकाच घराण्यांत ही अडचण पुष्कळदां आढळते. अशा मुलास 'पुन्हा लिही, दहा वेळां लिही' अशी शिक्षा देणें म्हणजे लंगड्यास धांवण्याची शिक्षा देण्यासारखें आहे.

आपली देवनागरी लिपि उच्चारानुसारी असल्यामुळें येथें असा घोटाळा होणार नाहीं, असें कित्येकांस वाटतें. तें खरें नाहीं. 'किती' हा शब्द घ्या. कानास आधीं क् ऐकूं येतो व मग इ. डोळ्यास मात्र डावीकडून पहिल्यानें वेलांटी भेटते आणि मग क. 'सूर्य' या शब्दांत र् आधीं उच्चारला जातो, पण तो जाऊन बसतो य च्या डोक्यावर. चक्रांतला र पोटांत तिरपी रेघ होतो, राष्ट्रांतला पायाशीं उतरतो आणि गुऱ्हाळांतला तर निराळेंच रूप घेतो. मोठ्यांच्या नजरेस हें संवयीनें दिसेनासें झालेलें असतें. अडखळणाऱ्या मुलास तें दर ओळीला दिसतें.

आतां साधनांकडे वळूं. यांपैकीं महत्त्वाचीं साधनें मुळांत अंधांकरितां निघालीं. १९४८ सालीं न्यूयॉर्कमध्यें अॅन मॅकडोनल्ड नांवाच्या बाईंनीं महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं कॉलेजचीं पुस्तकें तबकड्यांवर बोलून घेण्याचें काम आरंभिलें. पुढें डिस्लेक्सिया असलेले विद्यार्थीहि त्याच संस्थेकडे येऊं लागले, व १९९५ मध्यें संस्थेनें आपल्या नांवांतच त्यांचा समावेश केला. १९७६ सालीं रेमंड कर्झवाइल यांनीं छापील पान आपण होऊन वाचून दाखविणारें यंत्र जगापुढें मांडलें. तें अवजड व महाग होतें. आज तेंच काम खिशांतला मोबाइल करतो. पाठ्यपुस्तकाच्या पानावर कॅमेरा धरला कीं तो अक्षरें ओळखतो व मराठींत वाचून दाखवितो. आपल्या देशांत २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय या नांवाचें ग्रंथालय सुरू झालें. छापील मजकूर वाचूं न शकणाऱ्यांस तेथून पुस्तकें मिळतात. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें संगणकावर फुकट उतरवून घेतां येतात. परंतु जुन्या धर्तीच्या टंकांत जुळविलेला मजकूर यंत्रास कधीं कधीं निरर्थक अक्षरांसारखा वाटतो. तसें झाल्यास पानाचें छायाचित्र घेऊन तें वाचवावें.

येथें एक शंका निघते, व ती आम्हांसहि प्रथम आली होती. यंत्रच वाचूं लागलें तर मूल वाचावयास शिकणार केव्हां? आमचें उत्तर असें कीं, घरांत अक्षरांचा तास निराळा ठेवावा आणि विषयाचा तास निराळा. अक्षरांच्या तासाला यंत्र नको. रोज वीस-पंचवीस मिनिटें एकेक ध्वनि, एकेक चिन्ह, वाळूंत बोटानें गिरवीत, मोठ्यानें उच्चारीत, क्रमानें व न कंटाळतां शिकवावें. त्याला दुसरा उपाय नाहीं. परंतु इतिहासाच्या तासाला मूल शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका शिकत असतें, जोडाक्षरें नव्हे. त्या वेळीं त्याच्या कानांस मोकळीक द्यावी. हे दोन तास एकत्र केल्यामुळेंच दहाव्या वर्षीं मुलाचें वाचन तर मागें पडतेंच, पण त्याबरोबर भूगोल जातो, विज्ञान जातें, आणि शेवटीं 'मला कांहींच येत नाहीं' अशी समजूत पक्की होते. ऐकतांना डोळे त्याच ओळीवरून फिरावे म्हणून जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर सरकवीत जावी. ही युक्ति बिनपैशाची आहे. यंत्राकडून वाचवून घेतल्यानें अशा मुलांस मजकूर अधिक समजतो, असें पुष्कळ प्रयोग एकत्र तपासून अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१८ सालीं दाखविलें. लाभ बेताचा आहे, चमत्कार नाहीं. पण तो आहे.

रंगीत कांचा व 'डिस्लेक्सियाकरितां खास' म्हणून मिळणारे टंक यांवर पैसा घालूं नये. प्रयोगांत त्यांचा ठळक उपयोग दिसून आलेला नाहीं. अक्षरांतील अंतर वाढविल्यानें इटलींतील व फ्रान्समधील मुलांस वाचणें सुलभ झालें, असें २०१२ मध्यें आढळलें. मात्र देवनागरींत अक्षरें दूर नेलीं तर शिरोरेघ तुटते. तेव्हां शब्दांमधील व ओळींमधील जागा वाढवावी आणि टंक मोठा घ्यावा, हें बरें.

लेखनाकरितां दोन वाटा आहेत. पहिली कळफलकाची. सरकारनें प्रमाण ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकांत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें उजव्या हाताकडे आहेत. क व ख एकाच कळीवर, ग व घ एकाच कळीवर. त्याची खरी खुबी निराळीच आहे. जसें बोलावें तसें टंकावें: आधीं क, मग वेलांटी, आधीं र, मग पाय मोडण्याचें चिन्ह, मग य. वेलांटी डावीकडे नेणें व रफार डोक्यावर चढविणें हें काम यंत्र आपण होऊन करतें. जुन्या टंकलेखन यंत्रावर वेलांटीच आधीं उठवावी लागे. ज्या मुलाचा हात व कान यांचें जमत नाहीं, त्याच्या दृष्टीनें हा फरक फार मोठा आहे. बोटें बसावयास कांहीं महिने लागतात. घाई करूं नये.

दुसरी वाट बोलून लिहिण्याची. मूल बोलतें व मोबाइल लिहितो. लहान मुलाचा आवाज किंवा गांवाकडची बोली यंत्रास नेहमींच कळते असें नाहीं. 'दिन' व 'दीन' यांतलें कोणतें हवें हेंहि तें पुष्कळदां अंदाजानेंच ठरवितें. म्हणून लिहिलेलें यंत्राकडून परत वाचवून घेण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी.

परीक्षेचा विचारहि आधींच करावा. महाराष्ट्र सरकारनें १९९६ मध्येंच अशा विद्यार्थ्यांस सवलती देण्यास आरंभ केला, आणि २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत या अडचणीस स्पष्ट स्थान मिळालें. घरीं शिकलेलें मूल चौदा वर्षें पुरीं झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेस बसूं शकतें. जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्र लागतें, व तें मिळण्यास वेळ लागतो. शिवाय लेखनिकास सांगून लिहविणें ही एक स्वतंत्र कला आहे. ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत येत नाहीं. बोलून लिहिण्याची संवय येथें उपयोगी पडते.

आमच्या परिचयाच्या एका घरांत अकरा वर्षांचा मुलगा दोन वर्षें आईजवळ शिकत आहे. गेल्या हिवाळ्यांत तो मामाच्या गांवीं ऊस गाळतांना पाहून आला. आईनें निबंध लिहावयास सांगितला तेव्हां वहींत चार ओळी उमटल्या: ऊस पाहिला, रस प्यालों, गूळ खाल्ला, मजा आली. गुऱ्हाळ हा शब्द त्यांत कोठेंच नव्हता. तो लिहितां येत नाहीं म्हणून त्यानें वगळला होता. दुसऱ्या दिवशीं आईनें मोबाइल पुढें ठेवला व 'सांग' म्हणाली. मग चरक आला, चिपाडांचा ढीग आला, रस उकळतांना वर येणारी मळी काढणारा गुळव्या आला, ढेपा आल्या. अडीच पानें झालीं. यंत्रानें परत वाचून दाखविलें तेव्हां एके ठिकाणीं 'काहील' च्या जागीं 'काहिली' ऐकूं आलें. मुलगा खो खो हंसला, 'अग, रस काहिलींत उकळत नाहीं!' असें म्हणाला, आणि कळफलक ओढून घेऊन एकेक ध्वनि पुटपुटत तो शब्द त्यानें स्वतः दुरुस्त केला.