बहुरूपी, मुलाखत आणि ‘बकरा’



‘त्याला चांगलाच बकरा बनवला’ असे आपण सहज बोलून जातो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सायरस ब्रोचा यांचा ‘एमटीव्ही बकरा’ हा कार्यक्रम गाजला आणि छुप्या कॅमेऱ्याची थट्टा आपल्याकडे घरोघरी पोहोचली. अमेरिकेत मात्र ॲलन फंट यांनी ती 1948 सालीच दूरचित्रवाणीवर आणली होती. या थट्टेचाच एक धारदार प्रकार म्हणजे खोटी मुलाखत. मुलाखत घेणारा सोंग घेऊन बसतो आणि पाहुणा मात्र ती खरी समजून उत्तरे देत राहतो.

सोंग आपल्याला नवे नाही. पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारात काळ्या वेषातला संकासुर येतो, समोर बसलेल्या पोरांना दरडावतो आणि पोटभर हसवतो. पण तो संकासुर आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. घाटावरच्या गावांत फिरणारा बहुरूपी पोलीस बनून दारात उभा राहतो, क्षणभर घाबरवतो, मग स्वतःच हसून बिदागी मागतो. म्हणजे त्याची फसवणूक दारातच संपते. खोट्या मुलाखतीत तसे होत नाही. आपण फसलो हे पाहुण्याला बहुधा कार्यक्रम दाखवला गेल्यावरच कळते.

मोठी माणसे का फसतात?

ब्रिटनमध्ये 1997 साली ख्रिस मॉरिस यांची ‘ब्रास आय’ ही मालिका आली. त्यांनी ‘केक’ नावाचा एक अमली पदार्थ कल्पनेनेच तयार केला. नामवंतांच्या हाती कागद दिले आणि कॅमेऱ्यासमोर लोकांना सावध करण्याची विनंती केली. ‘हा बनावट पदार्थ आहे’ असे वाक्यसुद्धा त्यांच्याकडून वदवून घेतले. बनावट म्हणजे मनाने रचलेला, हे कोणाच्या लक्षात आले नाही. डेव्हिड एमेस या खासदारांनी तर या केकविषयी ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला!

हे लोक अडाणी नव्हते. त्यांचा हेतूही चांगला होता. पण ‘मला याची माहिती नाही, आधी चौकशी करतो’ एवढे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. अशा विनोदाचे मर्म इथेच आहे. पद, कॅमेरा आणि स्तुती यांच्यापुढे माणूस आपले अज्ञान झाकू पाहतो आणि नेमका तिथेच सापडतो.

याच्या उलट उदाहरणही आहे. साशा बॅरन कोहेन हा नट ‘अली जी’ नावाच्या उथळ तरुणाचे सोंग घेऊन मोठ्या लोकांच्या मुलाखती घेत असे. ब्रिटनचे माजी मंत्री टोनी बेन यांनाही त्याने गाठले. हे सोंग आहे हे बेन यांना ठाऊक नव्हते. पण समोरचा काहीतरी भलते बोलू लागला की ते हसून सोडून देत नव्हते, त्याच्या बोलण्याला मान डोलवत नव्हते. प्रत्येक मुद्दा त्यांनी शांतपणे खोडून काढला. त्यामुळे ते फसले तरी त्यांची फजिती झाली नाही.

दुसरी बाजू

मात्र हेच हत्यार दुबळ्यांवर चालले तर? याच नटाच्या 2006 सालच्या ‘बोराट’ या चित्रपटात रुमानियातले ग्लॉड हे गरीब खेडे कझाकस्तानातले गाव म्हणून दाखवले आहे. आपल्यावर माहितीपट निघतो आहे असे आम्हांला वाटले होते, असे गावकऱ्यांनी नंतर सांगितले. जगभरच्या चित्रपटगृहांत लोक मात्र त्यांना हसत होते. काही जण न्यायालयातही गेले, पण त्यांच्या पदरी काही पडले नाही.

खासदाराची चूक दाखवणे आणि गरिबाची गरिबी दाखवणे यांत फरक आहे. खासदाराच्या शब्दावर लोक विसंबून असतात, म्हणून त्याची परीक्षा घेणे योग्य. गावकऱ्याने कोणाला शब्द दिला होता? हरमल, मोरजीच्या किनाऱ्यावर किंवा डिचोलीच्या बाजारात उद्या कोणी कॅमेरा घेऊन आले तर आपली आजी त्यात कशी दिसावी असे तुम्हांला वाटेल, याचा विचार करा.

आपण काय करावे?

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. वर्गमित्राची, शिपाईकाकांची किंवा बाजारातल्या विक्रेत्या बाईंची गंमत टिपण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ज्याला हसणार तो आपल्यापेक्षा बलवान आहे की दुबळा? गंमत उघड झाल्यावर तोही हसेल का? त्याने नको म्हटले तर आपण ती पुसून टाकू का?

पालकांनीही ध्यानात घ्यावे की खोटा पोलीस आता दारात येत नाही, मोबाइलवर येतो. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. असा फोन आला तर घाबरून उत्तरे देत बसू नये. फोन ठेवावा, घरच्यांना सांगावे. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे.

संसदेतला केक असो की फोनवरचा पोलीस, ‘मला माहीत नाही, आधी खात्री करतो’ हे वाक्य दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते. ते म्हणायला लाजू नका.

वर्गात चर्चेसाठी: संकासुर, बहुरूपी आणि खोटा मुलाखतकार या तिघांत सोंग केव्हा उघड होते? त्यामुळे काय फरक पडतो?