आपल्या सागाचे जहाज आणि त्याची प्रतिकृती

सिल्वासा समुद्रकाठी नाही. तेव्हा येथल्या मुलांनी लाकडी जहाजे करावीत असे आम्ही म्हटले, तर पुष्कळांना नवल वाटेल. परंतु या प्रदेशाचे आणि जहाजांचे नाते जुने आहे. १७७२ मध्ये मराठी आरमाराने ‘सांताना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या भरपाईखातर, पुढे पेशव्यांशी झालेल्या तहाप्रमाणे, १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. ती १९५४ साली मुक्त झाली, हे सर्वांस ठाऊक आहेच.

दुसरे जहाज याहून जवळचे. आपल्याजवळून वाहणारी दमणगंगा जेथे समुद्रास मिळते, त्या दमणला नगर हवेलीच्या रानातील सागाचे एक मोठे लढाऊ जहाज बांधले गेले. २२ ऑक्टोबर १८४३ रोजी ते पाण्यात उतरले. ‘दों फर्नांदो सेगुंदो ई ग्लोरिया’ हे त्याचे नाव. पोर्तुगालच्या राजाराणीवरून ते ठेवले गेले. लाकूड मात्र आपल्या डोंगरांचे. १९४५ पासून त्या जहाजावर गरीब मुलांची शाळा भरत असे. १९६३ साली त्याला आग लागली. जळका सांगाडा लिस्बनजवळच्या ताग्युस नदीच्या गाळात जवळजवळ २९ वर्षे पडून होता. १९९२ साली तो वर काढला, दुरुस्त केला, आणि आज ते जहाज तेथे संग्रहालय म्हणून उभे आहे. अशा जहाजाची प्रतिकृती आपल्या घरांतून असावी, म्हणून हा पाठ.

प्रमाण. मूळ जहाजाची लांबी, पुढे-मागे आलेल्या काठ्यांसह, ८६.७५ मीटर व रुंदी १२.८० मीटर. आपण १ मीटरास १ सेंटिमीटर धरावा. म्हणजे प्रतिकृती सुमारे ८७ सेंटिमीटर लांब व १३ सेंटिमीटर रुंद होईल. बाजूचा, वरचा व समोरचा असे तीन नकाशे पूर्ण आकारात काढल्यावाचून करवतीस हात लावू नये.

लाकूड. हिरवे लाकूड मुळीच घेऊ नये; पावसाळा सरताच ते आकसते व फटी पडतात. झाड तोडण्याचेही कारण नाही. सुताराच्या दुकानातील सागाचे जुने तुकडे उत्तम. वाकवायच्या पट्ट्यांना मात्र शिवण बरी, कारण ती हलकी असून हत्याराखाली सहज चालते. साग तेलकट असतो. म्हणून डिंक लावण्यापूर्वी लगेच तो पॉलिशपेपरने घासून स्पिरिटने पुसावा, नाहीतर जोड सुटतो.

सांगाडा. प्रथम कणा कापावा. कोकणातले कारागीर त्यास पठाण म्हणतात. सपाट फळीवर दोन सरळ पट्ट्या ठोकून त्यांच्यामध्ये कणा उभा धरावा, म्हणजे तो वाकडा होणार नाही. मग प्लायवुडच्या फासळ्या बसवाव्यात व प्रत्येक फासळी गुण्या लावून तपासावी. येथे राहिलेला दोरा एवढा फरक पुढे बोटभर दिसतो. नंतर एक पातळ पट्टी सर्व फासळ्यांवरून फिरवून पाहावी. जेथे ती कडेवरच टेकते, तेथे कानशीने उतार द्यावा.

पट्ट्या. हाच कामाचा गाभा. दीड मिलिमीटर जाड व पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या अर्धा तास गरम पाण्यात भिजवाव्यात, गोल भांड्याभोवती वाकवून बांधाव्यात आणि वाळल्यावरच चिकटवाव्यात. आरंभ वरच्या कडेपासून करावा. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावावी. एकच बाजू आधी पुरी केली तर कणा पिळतो. पुढच्या टोकाशी, म्हणजे नाळेकडे, जागा अरुंद होत जाते. तेथे पट्टी निमुळती करावी, पण अर्ध्या रुंदीपेक्षा कमी करू नये. घाईने दाबून बसवलेली पट्टी रात्रीतून उचलते.

डोलकाठ्या व दोर. या जहाजास तीन डोलकाठ्या आहेत. चौकोनी काठीचे कोपरे रंध्याने काढून ती आधी अष्टकोनी करावी, मग गोल. एकदम गोल करू गेल्यास ती वाकडी होते. दोरांचा सुती धागा मेणातून ओढून घ्यावा, म्हणजे तंतू बसतात व ओल कमी धरतात. आतले व खालचे दोर आधी बांधावेत, बाहेरचे मागून; नाहीतर बोटे आत जात नाहीत.

कापण्याचे काम वडीलधाऱ्यांनी जवळ बसून करवून घ्यावे. रोज एक तास दिला तरी काही महिने लागतील. तेवढा धीर ज्या मुलास आला, त्यास पुढे कोणतेही हातकाम जड जाणार नाही.

प्रतिकृती पुरी झाल्यावर तिच्या पाटावर जहाजाचे नाव लिहावे, आणि खाली ‘लाकूड नगर हवेलीचे, बांधणी दमणची, १८४३’ असेही लिहावे. जहाज सातासमुद्रापार उभे आहे. ते कोणत्या रानातून गेले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा.