पाठ टेकल्यावरही लढत

आपल्याकडील कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की मल्ल चीत झाला. ब्राझीलच्या जिउ-जित्सूत मात्र खरी लढत पुष्कळदा तेथूनच सुरू होते. जपानी ज्यूदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचले. त्यांच्या परंपरेतून ग्रेसी बंधूंनी ही विद्या वाढविली.

'बंद गार्ड' हा तिचा पायाभूत धडा होय. उताण्या खेळाडूने समोर गुडघ्यांवर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या कमरेस दोन्ही पायांचा विळखा घालून घोटे त्याच्या पाठीमागे अडकवावेत. एका हाताने गळपट्टी, दुसऱ्याने बाही धरावी. मग गुडघे छातीकडे ओढून त्यास पुढे वाकवावे. तो ताठ असेतो डाव साधत नाही. त्यानंतर घोटे सोडून आपली कंबर बाजूस सरकवावी. येथे बळापेक्षा कमरेची हालचाल महत्त्वाची. म्हणून नवशिक्याने ती आधी एकट्याने घोटावी. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार गार्डमधून प्रतिस्पर्ध्यास उलथवून वर येणाऱ्यास २, तर गार्ड भेदणाऱ्यास ३ गुण मिळतात.

सराव जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा. जोडीदाराने थाप देताच पकड तत्काळ सोडावी. हा नियम पाळला जातो, तेथेच दुबळ्यासही ही विद्या निर्धास्तपणे शिकता येते.