रेनकोट घेताय? आधी आतली शिवण बघा

दुकानदार तुम्हाला कापड दाखवेल. त्यावर पेलाभर पाणी ओतेल, थेंब घरंगळून जातील आणि तुम्ही पाकीट काढाल. थांबा. गाडीवर रेनकोट कापडातून फार क्वचित गळतो. तो गळतो शिवणीतून, चेनमधून, गळ्यातून आणि दोन मांड्यांच्या मधल्या जोडातून. तेव्हा पहिलं काम एकच: रेनकोट उलटा करा. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक किंवा राखाडी पट्टी चिकटवलेली दिसली, तर पुढची बोलणी करा. नुसते टाके दिसले, तर तो माल पायी चालणाऱ्यांसाठी आहे.

कधी घ्याल?

मुंबईत मान्सून दाखल होण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. तुमची खरेदी मेच्या मध्यावर उरकलेली बरी. तेव्हा सगळे साइज असतात, घासाघीस करता येते आणि बदलून घ्यायला वेळ मिळतो. पहिली सर पडली की आधी मोठे साइज संपतात, मग दुकानदाराचं बोलणं.

सप्टेंबरात उरलेला माल स्वस्त मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण आतला थर बोटांनी चोळून बघा. चिकट लागला, भुकटी निघाली किंवा घडीवर पापुद्रा सुटला, तर तो माल जुना आहे. फुकट दिला तरी नको.

कुठे मिळेल?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी. भाव कमी, प्रकार भरपूर. मात्र घालून बघायला जागा नसते आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. पुण्यात नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या दुकानांतही रेनकोट मिळतात. घराजवळच्या दुकानात थोडे पैसे जास्त जातील, पण बदलून घेणं सोपं. खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत ट्रेकिंगची जाकिटं चांगली असतात. वरच्या भागासाठी चालतील. पॅन्ट मात्र गाडीसाठी बनवलेलीच घ्या, कारण ट्रेकर तासभर ओल्या सीटवर बसत नाही.

ऑनलाइन घेणार असाल, तर आधी परतीची अट वाचा. ‘फक्त बदलून मिळेल’ आणि ‘पैसे परत’ यांत फरक आहे.

किती खर्च?

भाव शहरागणिक बदलतात, पण साधारण अंदाज असा. पदपथावरचा पातळ प्लास्टिकचा कोट 50 ते 100 रुपये. डिकीत अडीअडचणीला ठेवा, रोजच्या भरवशाचा नाही. पीव्हीसीचा शर्ट-पॅन्ट सेट 400 ते 800 रुपये. पाणी पक्कं अडवतो, पण आत घाम साचतो आणि एका हंगामात कोपराला किंवा मांडीला चिरतो. आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा सेट 900 ते 2000 रुपये. रोज ऑफिसला जाणाऱ्याची गरज इथे भागते. खास रायडिंगसाठीचे सेट 2500 ते 5000 आणि त्याही वर. घाटातून, महामार्गावरून तासन्‌तास जाणाऱ्यांसाठी.

त्याहून महागडी ‘श्वास घेणारी’ कापडं मुंबई-कोकणात घेताना दोनदा विचार करा. घामाची वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत आपल्याकडे ती फारशी कोरडी नसते. त्यापेक्षा काखेत किंवा पाठीवर झडपेखाली जाळी असलेला रेनकोट निम्म्या पैशांत जास्त सुख देतो.

लेबल कसं वाचाल?

‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे रिमझिम सहन करणारं. ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाणी अडवणारं, पण किती, हे मिलिमीटरच्या आकड्यावरून कळतं. 5000 मिमी म्हणजे कापड पाच मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. जाकिटाला शहरात 3000 ते 5000 पुरतात. पॅन्टला जास्त हवेत, कारण ओल्या सीटवर तुमचं वजन पाणी कापडात दाबत असतं. 10,000 मिळाले तर उत्तम. आकडा छापलेला नसेल, तर कापड तोंडाशी धरून जोरात फुंका. हवा आरपार गेली, तर पाणीही जाईल.

घालून बघताना पाच गोष्टी

एक, साइज. नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या. आत ऑफिसचे कपडे आणि खिशात पाकीट असतं. उभं राहून बघू नका, गाडीवर बसा. हँडल धरल्यावर बाही मनगटाच्या वर सरकते का? गुडघे वाकवल्यावर पॅन्ट घोट्याच्या वर जाते का? जात असेल, तर मोजे पाच मिनिटांत ओले.

दोन, चेन. तिच्यावर झडप हवी, शक्यतो दुहेरी, आणि ती वेल्क्रोने बसणारी. समोरून येणारा वारा उघड्या चेनमधून पाणी थेट छातीवर आणतो.

तीन, गळा आणि टोपी. कॉलर उंच हवी, हनुवटीखाली घट्ट बसणारी. टोपी सुटी निघणारी किंवा कॉलरमध्ये गुंडाळून ठेवता येणारी घ्या. हेल्मेटच्या आत टोपी घातली, तर हेल्मेट नीट बसत नाही. मागे मोकळी सोडली, तर तिची बादली होते.

चार, पॅन्टचा मधला जोड. बसल्यावर मांडीत तळं साचतं आणि पाणी तिथूनच शिरतं. त्या जागी शिवण नसेल किंवा वरून जादा पट्टी असेल, तो सेट निवडा.

पाच, रंग. काळा, निळा, करडा दुकानात उठून दिसतो, पावसात संध्याकाळी नाहीसा होतो. पिवळा, नारिंगी किंवा पोपटी घ्या. पाठीवर आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी असल्याची खात्री करा.

आणि एक सक्त मनाई: झूल किंवा पोंचो मोटरसायकलवर नको. वाऱ्याने फुगतो, चाकात किंवा चेनमध्ये अडकतो. साडी-ड्रेसवर घालायचा लांब कोट स्कूटर चालवताना ठीक. मोटरसायकलवर मागे बसणारीने त्याचा घेर मांडीखाली दाबून बसावं.

न सांगितलेला खर्च

रेनकोटच्या किमतीत तुम्ही कोरडे राहत नाही. बूट कव्हर 250 ते 500 रुपये. डाव्या पायाच्या पंजावर ते गिअरच्या दांड्याने घासून फाटतं, तिथे जाड थर आहे का बघा. तळवा गुळगुळीत असेल, तर सिग्नलला पाय घसरतो. पाण्याचे हातमोजे 300 ते 600, बॅगेचं कव्हर 150 ते 300, मोबाइलचं पाउच 100 च्या आसपास. हेल्मेटची काच चरे पडलेली असेल, तर रात्री पावसात समोरचे दिवे फुटून दिसतात. नवी काच 150 ते 500. गडद काच पावसाळ्यात नकोच.

मग हिशेब असा: सेट 1400, बूट कव्हर 350, हातमोजे 350, बॅग कव्हर 200, पाउच 100. एकूण 2400. तीन पावसाळे टिकलं तर वर्षाला 800, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत महिन्याला 200 रुपये. दरवर्षी 500 चा पीव्हीसी सेट वर्षागणिक 300 ने स्वस्त वाटतो, पण त्यात पाय, हात आणि बॅग उघडीच असतात. बजेट तोकडं असेल, तर जाकिटावर कमी आणि पॅन्टवर जास्त खर्च करा. भिजलेल्या पॅन्टने दिवसभर खुर्चीत बसणं जास्त त्रासाचं.

दुकानात ‘वर जीएसटी लागेल’ म्हणाले, तर छापील किमतीकडे बोट दाखवा. कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात. ऑनलाइन घेताना घरपोच शुल्क, रोख देण्याचं शुल्क आणि परत पाठवण्याचा खर्च आधी बेरजेत धरा.

बिल घ्या, जपून ठेवा

‘एक सीझनची गॅरंटी’ तोंडी असेल, तर ती पहिल्या पावसात वाहून जाते. बिलावर लिहून घ्या: तारीख, मॉडेल, ‘शिवण गळल्यास बदलून’. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर 30 दिवस धरले जातात. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. साइज आवडला नाही म्हणून मात्र हा हक्क मिळत नाही. ते दुकानदाराच्या मर्जीवर.

शॉर्टकट: कोणते चालतात, कोणते नाही

बूट कव्हरऐवजी गमबूट चालतात. पॅन्ट त्यांच्या बाहेरून सोडा, आत खोचली तर बुटात पाणी भरतं. कोरडे बूट-मोजे पिशवीत घालून बॅगेत टाका. भांडी घासायचे रबरी मोजे हातमोज्यांवर चढवणं शहरात चालून जातं, पण आधी उभ्या गाडीवर ब्रेक आणि क्लच दाबून बघा. काचेवर वाफ धरते? आतून भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब चोळा, कोरड्या मऊ कापडाने पुसा. एक-दोन दिवस पुरतं.

न चालणारे: फाटलेली शिवण चांभाराकडून शिवून घेणं. प्रत्येक टाका म्हणजे नवं भोक. आतून चिकटपट्टी किंवा सीम सीलर लावा. पीव्हीसीवर पंक्चरचं सोल्यूशन नीट धरत नाही. पीव्हीसीचाच गोंद घ्या.

तीन पावसाळे टिकवायचा तर

ओला रेनकोट डिकीत कोंबू नका. वास येतो आणि थर सुटतो. सावलीत, रुंद हँगरवर वाळवा. वॉशिंग मशीन, गरम पाणी, ब्लीच आणि इस्त्री टाळा. साध्या पाण्याने चिखल काढा. बहुतेक मोटरसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो. उजव्या पायाची पॅन्ट घोट्याशी वेल्क्रोने घट्ट करा, नाहीतर एका सिग्नलवर भोक पडेल. हंगाम संपला की सैल घडी करून ठेवा.

आणि घरी आणल्या दिवशी

पावसाची वाट बघू नका. पॅन्ट घाला, आत मांडीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, मोरीत स्टुलावर बसा आणि मांडीत मगभर पाणी ओतून पाच मिनिटं थांबा. मग घडी काढून बघा. कागद कोरडा असेल, तर लेबल कापा. ओला असेल, तर पॅन्ट वाळवा, बिल घ्या आणि त्याच दिवशी दुकान गाठा.