धान्याची रास आणि मजुराचे माप : विद्यापीठीय संशोधन व न्याय्य समाज

कुंभकोणम्‌हून पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिरुनागेश्वरम् हे लहानसे स्थानक लागते. नागनाथस्वामींच्या देवालयामुळे राहूचे क्षेत्र म्हणून या गावाची सर्वत्र ख्याती आहे. गावाच्या सभोवार कावेरीच्या पाटांवर पोसलेली भातखाचरे पसरली आहेत. भोसल्यांच्या राज्यामुळे तंजावरचा हा मुलूख मराठी वाचकास परका नाही. मात्र त्याचे स्मरण होते ते ग्रंथालय व राजवाडा यांच्या निमित्ताने. प्रस्तुत पाठात या मुलुखाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. विद्यापीठातील संशोधनाने समाज अधिक न्याय्य होऊ शकतो काय, आणि होत असल्यास कोणत्या मार्गाने, या प्रश्नाचे उत्तर येथील खाचरांत बऱ्याच अंशी सापडते.

१. धान्य वाढविणारे संशोधन

तिरुनागेश्वरम्‌पासून थोड्याच अंतरावर, त्याच लोहमार्गावर, आडुतुरै हे गाव आहे. तेथे १९२२ साली भात संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे १९७१ साली तमिळनाडू कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे केंद्र त्याच्या कक्षेत आले. जपानी व भारतीय भातांच्या संकरातून निपजलेले 'ए. डी. टी. २७' हे वाण १९६०च्या दशकाच्या मध्यास येथूनच शेतकऱ्यांच्या हाती गेले. सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होणारे हे पीक 'कुरुवै' हंगामात, म्हणजे उन्हाळा संपताच, घेता येई. आणि त्याच जमिनीत पुढे 'ताळडी'चे दुसरे पीक उभे राही. एका पिकाच्या जागी दोन पिके आली व धान्याची रास वाढली. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत हा लाभ सामान्य नव्हता.

परंतु रास वाढली म्हणजे प्रत्येकाचे माप वाढले, असे होत नाही. तंजावरात जमीन मुख्यत्वे मिरासदारांच्या हाती होती. कापणीची मजुरी मोजून दिलेल्या भाताच्या रूपाने मिळे. त्यामुळे माप किती आणि कोणते, हाच मजुराच्या जीविताचा प्रश्न होता. पीक वाढताच मजुरांनी मापात वाढ मागितली, आणि मालकांनी बाहेरगावचे मजूर आणण्यास आरंभ केला. हा तंटा विकोपास जाऊन २५ डिसेंबर १९६८ रोजी पूर्व तंजावरातील कीळवेण्मणि या गावी दलित मजूर कुटुंबांतील ४४ जणांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. पुढील वर्षी, १९६९ साली, शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा झाला. बियाण्याने वाढविलेल्या धान्याची वाटणी बियाण्यास करता येत नाही, हे या घटनेवरून कठोरपणे सिद्ध झाले.

२. वाटा मोजणारे संशोधन

येथे दुसऱ्या प्रकारच्या संशोधनाची आवश्यकता उत्पन्न होते. मद्रास विद्यापीठातील भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ साली एक साधा उपक्रम हाती घेतला. विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देऊन त्यांनी त्यांना खेड्यांची पाहणी करावयास सांगितले. जमीन कोणाची, कर्ज किती, मजुरी काय, असे ते प्रश्न होते. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तंजावर जिल्ह्यातील पालकुरिचि या गावाचाही समावेश आहे. दक्षिण अर्काट जिल्ह्यातील इरुवेलपट्टु गावी 'पडियाळ' नावाचे मजूर आढळले. लग्नकार्यासाठी घेतलेले अल्प कर्ज कधीच फिटत नसे. ते बापाकडून मुलाकडे येई, आणि जमीन विकली गेली म्हणजे मजूरही नव्या मालकाकडे जाई. गावात सर्वांस ठाऊक असलेली ही गोष्ट छापील पृष्ठावर आल्याने गावाबाहेरही विचारात घेणे भाग पडले.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही पाहणी एकदाच करून सोडून दिली गेली नाही. १९३६-३७ साली विद्यापीठाने तीच गावे पुन्हा पाहिली. इरुवेलपट्टुची पाहणी तर २००८ सालीही झाली. सुधारणा झाली की नाही, हे एका मोजणीवरून कळत नाही. त्यासाठी त्याच दारी पुन्हा जावे लागते.

३. पाहणाऱ्याचे स्थान

मोजणारा कोठे उभा आहे, यावरही मोजणी अवलंबून असते. दिल्ली विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनी १९६१-६२ साली तंजावर जिल्ह्यातील एका गावाचा अभ्यास केला. ग्रंथात त्यांनी त्या गावास 'श्रीपुरम्' हे कल्पित नाव दिले. जात, जमीन व सत्ता या तीन गोष्टी पूर्वी एकाच हाती असत, त्या आता एकमेकींपासून सुटू लागल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मात्र त्यांचे वास्तव्य अग्रहारात होते. त्यामुळे आदिद्रविडांच्या वस्तीत त्यांना मोकळेपणाने जाता येईना, आणि ही मर्यादा त्यांनी स्वतःच नमूद केली. अशी नोंद वाचकाच्या विश्वासास पात्र ठरते, कारण कोणाचा आवाज आपल्या कानी कमी पडला हे ती सांगते.

४. महाराष्ट्रातील दाखला

महाराष्ट्रातही ही परंपरा जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली होती. कुणबी आळशी म्हणून दरिद्री आहे, या समजुतीस या आकड्यांनी परस्पर उत्तर दिले. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दाखवून दिले की, १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांस किमान आहाराइतकाही खर्च करता येत नव्हता. सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा, हा त्यांनी सुचविलेला उपाय होता. त्याच सुमारास, १९७२ साली, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. तिचे श्रेय एकट्या संशोधनाचे नाही. दुष्काळी कामांवरील मजुरांचा रेटा व लोकप्रतिनिधींचे प्रयत्न त्यामागे होते. तथापि मागणी योग्य आहे हे पटविण्यास मोजलेला आकडा उपयोगी पडतो.

५. दोन्ही संशोधनांची सांगड

हरितक्रांतीचे एक प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म १९२५ साली कुंभकोणम् येथेच झाला. धान्य वाढविण्यात आयुष्य वेचल्यानंतर २००४ ते २००६ या काळात ते राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष होते. शेतीची प्रगती केवळ उत्पादनावरून न मोजता शेतकऱ्याच्या उत्पन्नावरून मोजावी, असा आग्रह या आयोगाने धरला. आडुतुरैच्या खाचरातून निघालेला धडा येथे राष्ट्रीय धोरणाच्या भाषेत आला, असे म्हणता येईल.

सारांश, विद्यापीठ न्याय देऊ शकत नाही. तो कायद्याने, संघटनेने व लोकमताने मिळवावा लागतो. विद्यापीठ अन्याय मोजू शकते, आणि मोजलेली गोष्ट नाकारणे कठीण होते. त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्या लागतात. सर्वांत खालच्या माणसास प्रश्न विचारला पाहिजे. काही वर्षांनी त्याच गावी परत गेले पाहिजे. आणि जे आढळले ते ज्याच्याविषयी आढळले त्याला, त्याच्या भाषेत, कळविले पाहिजे. पालकुरिचिच्या मजुराने दिलेले उत्तर इंग्रजी ग्रंथातच राहिले, तर त्याची माहिती इतरांच्या उपयोगी पडेल. त्याला स्वतःला मात्र आपले माप किती असावे, हे पुन्हा दुसऱ्यासच विचारावे लागेल.